पंचवीस गणपती कुठे गेले?

ॲरेची लिस्ट करा, लिस्टचा सेट करा, सेटचा मॅप करा, मॅपमधल्या व्हॅल्यूज काढून परत त्यांची लिस्ट करा... मोबाईल ॲप लिहिणाऱ्या माणसाचा निम्मा दिवस असल्या उचलठेवीत जातो. आणि प्रत्येक उचलठेव एका ओळीची. टिंब द्यायचं, 'टूसेट' लिहायचं, संपलं. त्यामुळे आपल्याला वाटायला लागतं की हे नुसतं भांडं बदलणं आहे. पातेल्यातली आमटी वाडग्यात ओतली. आमटी तीच.

माझं मत थोडं वेगळं आहे. यातली बरीचशी भांडी ही भांडी नसून चाळण्या आहेत. ओतताना काहीतरी खाली पडतं, आणि पडलेलं कुठे साठत नाही, म्हणून ते पडलं हे कळतही नाही. कॉलेजात आम्हाला कलेक्शन्स शिकवली ती वेगाच्या हिशोबात. ॲरेत शोधायला इतका वेळ, हॅशमध्ये तितका वेळ, परीक्षेत पाच मार्क. कुठल्या भांड्यात काय टिकतं आणि काय गळतं हा प्रश्न पेपरात कधी आला नाही. मला तो नीट कळला तो पेणजवळ, एका गणपतीच्या कारखान्यात.

पेण म्हटलं की मुंबई-पुण्याच्या माणसाला दोन गोष्टी आठवतात, पोह्याचे पापड आणि गणपती. (कोकणात एसटीने जाणाऱ्या जुन्या मंडळींना तिसरी पण आठवते, वडखळ नाक्यावरचा ट्रॅफिक. असो.) पेण शहरात आणि हमरापूर, जोहे, कळवे या बाजूच्या गावांत घराघरात मूर्तिकाम चालतं. साच्यातून मूर्ती काढणं, घासकाम, रंग, आणि शेवटी डोळ्यांची आखणी. परदेशी जाणाऱ्या मूर्ती चतुर्थीच्या कितीतरी महिने आधी कंटेनरमधून निघतात. तिथे 'फॅक्टरी' या अर्थाने नाही, तर अगदी घरगुती अर्थाने 'कारखाना' म्हणतात. माझ्या मामाचा असाच एक कारखाना आहे, हमरापूरच्या बाजूला. अंगणात मांडव, मांडवात फळ्या, फळ्यांवर रांगेने गणपती.

या कारखान्याचा डेटाबेस म्हणजे मामीची वही. लांबट, लाल कापडी पाठीची. अनुक्रमांक, नाव, गाव, फोन, किती इंची, कुठला साचा, शाडू की पीओपी, ॲडव्हान्स किती. ज्या क्रमाने बुकिंग आलं त्या क्रमाने ओळ. म्हणजे बघा, शुद्ध ॲरे.

मामेभाऊ सध्या इंजिनिअरिंगला आहे. या वहीचं ॲप करायचं त्याने मनावर घेतलं. अँड्रॉइड, कोटलिन, सगळं आजच्या काळातलं. २०२५ च्या जुलैत एका शनिवारी मी पेणला गेलो तेव्हा त्याने २०२४ सालची अख्खी वही टाईप करून तपासायला ठेवली होती. मामाने चष्मा लावून फोन हातात घेतला, खाली एकूण आकडा बघितला, वही उघडली, शेवटचा अनुक्रमांक बघितला.

"वहीत दोनशे बारा. यात एकशे सत्त्याऐंशी. पंचवीस गणपती कुठे गेले?"

मामाने हे हसत विचारलं नाही. त्याला कारण आहे. मी शाळेत असताना एका वर्षी पावसात वही भिजली आणि काही ओळी धुऊन गेल्या. हरतालिकेच्या संध्याकाळी डोंबिवलीहून एक कुटुंब पाट घेऊन दारात आलं. बरोबर दोन लहान मुलं, नव्या कपड्यांत. त्यांच्या गणपतीची ओळ वहीत नव्हती, आणि मांडवात होते ते सगळे दुसऱ्यांचे. मामाने आमच्या घरी बसवायचा गणपती उचलला आणि त्यांच्या पाटावर ठेवला. आमच्याकडे त्या वर्षी वीतभर उंचीची, नमुना म्हणून केलेली मूर्ती बसली. त्यानंतर मामी कार्बन पेपर घालून दोन प्रती करते.

तर पंचवीस. कोडमध्ये शोधायला फार वेळ लागला नाही. भावाने बुकिंगच्या ॲरेचा फोन नंबरवरून मॅप केला होता. कोटलिनमध्ये त्यासाठी 'असोशिएटबाय' नावाचं तयार फंक्शन आहे. किल्ली म्हणून फोन नंबर दिला की मॅप हातात. त्याचा हेतू चांगला होता: गिऱ्हाइकाचा फोन आला की नंबरावरून बुकिंग लगेच समोर यावं. (खरं तर दोनशे बारा ओळींत सरळ वरून खाली शोधलं तरी फोनला काही समजतही नाही. पण कॉलेजातले ते पाच मार्क डोक्यातून जात नाहीत.)

आता गंमत अशी की कोकणात गणपती एका माणसाचा नसतो, घराचा असतो. आणि बुकिंग करणारा असतो घाटकोपरला राहणारा एक भाऊ. तो स्वतःचा एक, गावच्या घरचा एक आणि सासुरवाडीचा एक, असे तीन गणपती एकाच नंबरावरून सांगतो. असोशिएटबायला एकाच किल्लीचे तीन मिळाले तर ते शेवटचा ठेवतं, आधीचे दोन टाकून देतं. एरर नाही, वॉर्निंग नाही. त्यातही एक बारकावा आहे. कोटलिनचा हा मॅप आत क्रम सांभाळणारा असतो, त्यामुळे किल्ली पहिल्या बुकिंगच्या जागेवरच राहते आणि तिच्यासमोर बसतं शेवटचं बुकिंग. यादी वरवर बघितली तर क्रम बरोबर वाटतो, फक्त घाटकोपरवाल्याच्या जागी त्याची सासुरवाडी असते. :)

आणि त्याच भाषेत, त्याच लायब्ररीत 'डिस्टिंक्टबाय' म्हणून दुसरं फंक्शन आहे. तेही एका किल्लीवरून जादाचे काढून टाकतं, पण ते पहिला ठेवतं. एकाने पहिला, दुसऱ्याने शेवटचा. दोघेही आपापल्या जागी बरोबर, डॉक्युमेंटेशनमध्ये स्वच्छ लिहिलेलं. पण रात्री अकरा वाजता ते कोण वाचतं?

स्विफ्टवाल्यांनी यात थोडा जास्त विचार केला असं मला वाटतं, आणि मी अँड्रॉइडवाला असून हे म्हणतोय याची नोंद घ्यावी. २०१७ साली आलेल्या स्विफ्ट ४ पासून ॲरेच्या जोड्यांवरून डिक्शनरी करायचा एक सरळ मार्ग आहे, त्याचं नावच 'किल्ल्या वेगवेगळ्या आहेत' असं सांगतं. दोन किल्ल्या सारख्या निघाल्या की प्रोग्रॅम तिथल्या तिथे आडवा. दुसरा मार्ग तुम्हाला विचारतो, दोन सारखे आले तर काय करायचं ते तूच सांग. तिसरा गठ्ठे करून देतो, एका किल्लीखाली सगळे. जावामध्येही स्ट्रीमवरून मॅप करताना किल्ली दोनदा आली तर एक्सेप्शन येतं. ॲप कोसळणं वाईटच, पण गणपती गुपचूप नाहीसा होण्यापेक्षा बरं. कोसळलेलं निदान दिसतं.

भावाने तेच केलं जे आपण सगळे करतो, किल्ली बदलली. "दादा, नाव आणि गाव मिळून किल्ली करूया." मामी शेजारी बसून रंगाच्या वाट्या धूत होती. ती म्हणाली, "अरे, त्या एका आळीत अर्धे म्हात्रे आणि अर्धे पाटील. त्यात आजोबांचं नाव नातवाला." झालं.

मग त्याने किल्ली-बिल्ली सोडून ॲरेचाच नंबर वापरायचं ठरवलं. जागा क्रमांक चाळीस म्हणजे गणपती क्रमांक चाळीस. हे ऐकायला वहीसारखंच वाटतं, पण वही तशी वागत नाही. मूर्तीला मागे अनुक्रमांकाची चिठ्ठी चिकटवलेली असते. चाळीस नंबरवाल्याने बुकिंग रद्द केलं तर मामी लाल पेनने ओळ खोडते, आणि एक्केचाळीस हा एक्केचाळीसच राहतो. ॲरेतून चाळिसावा काढला की एक्केचाळीस सरकून चाळीस होतो आणि तिथून पुढे मांडवातली प्रत्येक चिठ्ठी खोटी. वहीतला अनुक्रमांक म्हणजे जागा नाही, ते त्या गणपतीचं नाव आहे. एकदा दिलं की परत घ्यायचं नाही, दुसऱ्याला द्यायचं नाही. शेवटी तोच क्रमांक प्रत्येक नोंदीत वेगळं फील्ड म्हणून ठेवला. ओळ खोडली तर काढून न टाकता 'रद्द' अशी खूण करायची. मामी हे गेली कित्येक वर्षं करते आहे, तिला कोणी डेटाबेस शिकवलेला नाही.

संध्याकाळी चहा घेता घेता सेटचा विषय निघाला, कारण टेम्पो. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात काही गावांना टेम्पो भरून मूर्ती पोचवायच्या असतात, रोह्याच्या बाजूला एक फेरी असते. त्यासाठी बुकिंगमधली गावं हवी, प्रत्येक गाव एकदाच. हे सेटचं काम. इथे जादाचं गळून पडावं हीच आपली इच्छा आहे. भावाने गावांच्या लिस्टचा सेट केला तर सेटमध्ये 'हमरापूर' पण आणि 'हमरापुर' पण. ऱ्हस्व-दीर्घ आपल्याला माफ असतं, मशीनला नसतं.

याहून खोल खड्डा आहे तो 'कऱ्हाड' मध्ये. यातला ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एक अख्खं अक्षर म्हणून, किंवा साधा र आणि त्याला नुक्ता. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, आणि कुठल्या कीबोर्डवरून काय येईल ते सांगता येत नाही. स्विफ्ट दोन स्ट्रिंग्जची तुलना करताना असली दोन्ही रूपं एकच धरते, म्हणून स्विफ्टच्या सेटमध्ये कऱ्हाड एकदाच येईल. कोटलिन आणि जावा नुसते कोड बघतात, तिथे दोन कऱ्हाड. म्हणजे एकच यादी, एकच रूपांतर, पण आयफोनवर एक गाव आणि अँड्रॉइडवर दोन. उपाय आहे, सेट करण्याआधी स्ट्रिंग नॉर्मलाईज करायची. पण तो उपाय मराठी मजकुराशी काम केलेल्यालाच सुचतो. इंग्रजीत वाढलेल्या ट्युटोरियलमध्ये हा प्रश्न उद्भवतच नाही. गावांसाठी आम्ही सरळ ठरलेल्या नावांची यादी दिली, टाईप करायचंच नाही.

क्रमाचंही तसंच. कोटलिनचा टूसेट मूळ क्रम सांभाळतो, जावाचा हॅशसेट क्रमाची हमी देत नाही. स्विफ्टचा सेट तर २०१८ च्या ४.२ आवृत्तीपासून ॲप दर वेळी नव्याने सुरू केलं की वेगळा क्रम देऊ शकतो, कारण हॅशच्या मुळाशी दर वेळी नवीन आकडा घेतात. सुरक्षेसाठी केलंय, चांगलंच केलंय. पण टेम्पोवाल्याला सकाळी आधी रोहा मग नागोठणे आणि दुपारी उघडलं तर उलटं, असं दाखवलं तर तो फोन खिशात ठेवेल आणि परत काढणार नाही.

सेटची माझी सगळ्यात आवडती (म्हणजे नावडती) गोष्ट मात्र पेणची नाही, एका जुन्या कोड रिव्ह्यूमधली आहे. एकाने वस्तू किमतीनुसार लावून दाखवायला लिस्टचा सॉर्टेड सेट केला होता, तुलना फक्त किमतीची. सॉर्टेड सेटला ज्यांची तुलना बरोबरीत सुटते ते दोघे एकच वाटतात. त्यामुळे ४९९ रुपयांच्या सगळ्या वस्तूंतून एकच उरली. भावाला हे सांगितलं तेव्हा त्याने मूर्ती उंचीनुसार लावून बघायचं म्हणून मुद्दाम करून पाहिलं. दोनशे बारा गणपतींचे अकरा झाले. बारा इंची एक, पंधरा इंची एक... मामाने पडद्याकडे बघून "यंदा धंदा बराय" एवढंच म्हटलं.

एक प्रकार खराखुरा अंगावर आला असता. यंदाच्या नोंदीही तोपर्यंत भरायला सुरुवात झाली होती. 'रंगायचे बाकी' असा एक सेट भावाने ठेवला होता, आत अख्ख्या बुकिंगच्या वस्तू. २०२५ च्या जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पीओपीच्या मूर्ती बनवायला वाट मोकळी केली (नैसर्गिक पाण्यात विसर्जनाला मात्र परवानगीशिवाय नाही), तेव्हा आधी शाडू सांगितलेल्या काही लोकांनी फोन करून पीओपी करून घेतलं. भावाने त्या त्या नोंदीत शाडूच्या जागी पीओपी लिहिलं. पण हॅश असलेला सेट वस्तू ठेवताना तिच्या फील्डांवरून खण ठरवतो. नंतर फील्ड बदललं की नवा हॅश वेगळा, वस्तू मात्र जुन्याच खणात. मग 'हा गणपती बाकी आहे का?' विचारलं तर सेट 'नाही' म्हणतो, आणि सगळे मोजायला गेलं तर तो आत बसलेला असतो! मामीला मी हे समजावलं तर तिने लगेच विचारलं, "म्हणजे फळी बदलली पण चिठ्ठी जुनी?" जवळजवळ तेच. आम्ही सेटमध्ये वस्तूंऐवजी फक्त अनुक्रमांक ठेवले. तो कधी बदलत नाही.

रात्रीपर्यंत जे ठरलं ते फार थोर नाही. मूळ लिस्ट वहीसारखी ठेवायची. ती कशातही बदलून परत तिच्याच जागी साठवायची नाही. फोनसाठी गठ्ठे हवेत, तर 'ग्रुपबाय' करून एका नंबराखाली तिन्ही गणपती दाखवायचे. टेम्पोसाठी गावांचा सेट हवा, तर त्या स्क्रीनपुरता करायचा आणि सोडून द्यायचा. आणि प्रत्येक स्क्रीनच्या खाली एकूण आकडा, वहीच्या आकड्याशी ताडून बघता येईल असा. हा शेवटचा मुद्दा मामाचा. माझ्या मते सगळ्यांत चांगला तोच.

पण मग मामीने असं काही विचारलं की आम्ही दोघे इंजिनिअर गप्प बसलो. "एकच गणपती दोनदा लिहिला असेल तर हे कळेल का?"

कसा? तर नवरा एप्रिलमध्ये ऑफिसातून फोन करतो, पंधरा इंची, दगडूशेठसारखा. जूनमध्ये बायको माहेरी आली की कारखान्यात डोकावते आणि ॲडव्हान्स देऊन जाते, पंधरा इंची, दगडूशेठसारखा. नंबर वेगळा, नाव वेगळं. त्याने गाव सांगितलं ते सासरचं, तिने सांगितलं ते जिथे राहतात ते. दोन ओळी, गणपती एक. चतुर्थीला एक मूर्ती मांडवात उरते. शाडूची असेल तर माती भिजवून परत वापरता येते, पण रंग, मजुरी आणि ती जागा गेलीच. पीओपीची असेल तर वर्षभर प्लास्टिक गुंडाळून ठेवायची.

कुठलाही सेट हे पकडणार नाही, कारण त्याच्या लेखी त्या दोन नोंदींत उंची आणि साचा सोडला तर काहीच सारखं नाही. आणि घाटकोपरवाल्याच्या तीन नोंदींत फोन, नाव, साचा सगळं सारखं असूनही ते तीन वेगळे गणपती आहेत. म्हणजे 'सारखं' याचा अर्थ ज्या फंक्शनमध्ये लिहितात, ते फंक्शन मामी आहे. तिला आवाज ओळखता येतो, कोण कोणाची सून ते माहीत असतं, गेल्या वर्षी न्यायला कोण आलं होतं ते आठवतं.

भावाने आपोआप एकत्र करायचा बेत सोडला आणि एक छोटी गोष्ट केली. नवीन बुकिंग घेताना तीच उंची आणि तोच साचा असलेल्या यंदाच्या आणि गेल्या वर्षीच्या नोंदी खाली दिसतात, कोण न्यायला आलं होतं त्याच्यासकट. शेजारी एक बटण. दाबलं तर दोन्ही ओळी एका अनुक्रमांकाला जोडल्या जातात. पुसलं काहीच जात नाही, जोड परत सोडवता येते. बटणावर त्याने आधी 'डुप्लिकेट' लिहिलं होतं. मामीने ते बदलायला लावलं, गिऱ्हाईक समोर बसलेलं असतं, त्याला काय वाटेल म्हणून. आता तिथे 'घरचेच का?' असं आहे.